पडद्याकडे पाठ

सिनेमा चालू असताना पडद्याकडे पाठ करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मनोहरभाऊ डांगरे. पांढुर्ण्याच्या बाजार ओळीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, दुकानावर माडी, आणि माडीवर दर रविवारी दुपारी आमचं मंडळ भरायचं. गावात भजनी मंडळं होती, गणेश मंडळं होती; आमचं मंडळ सिनेमा पाहणाऱ्यांचं, आणि तेही एकाच माणसाचे सिनेमे. काळ्यापांढऱ्या जमान्यातला एक दिग्दर्शक. रहस्यपट काढायचा, थोडेच काढले, आणि आम्ही त्याचे भक्त होईतो तो मरूनही गेला होता. मंडळात त्याचं नाव कोणी घेत नसे. 'उस्ताद' म्हणायचं. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या होत्या, पण मिशीवाले बाप्ये कुणाचं नाव घ्यायला असे लाजताना तिथंच पाहिले.

व्हीसीआर आणि कॅसेटी नागपूरहून पॅसेंजरनं यायच्या. टीव्ही मनोहरभाऊंचा. त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी मखमलीचे पडदे लावून घेतले होते आणि ते स्वतःच्या हातानं, कुणालाही हात लावू न देता, हळूच बाजूला सारायचे. मग टीव्हीच्या शेजारी एक लाकडी स्टूल ओढून आमच्याकडे तोंड करून बसायचे. सिनेमा आम्ही पाहायचा. ते आम्हाला पाहायचे.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मराठी शिकवत असे आणि डांगऱ्यांच्या शेजारी दोन खोल्यांत राहत असे. एकट्या बाईनं रविवारी दुपारी पुरुषांच्या घोळक्यात सिनेमे पाहावेत यावर ओळीत बोललं जायचंच. पण कुसुमवहिनी, म्हणजे मनोहरभाऊंची बायको, मला स्वतः बोलवायला यायच्या, त्यामुळे बोलणाऱ्यांची तोंडं निम्मी बंद झाली. पहिल्यांदा गेले तेव्हा मला पुढच्या रांगेत बसवलं. मंडळाचा नियमच तसा होता. ज्यांनी तो सिनेमा पाहिला नाही ते पुढे, पाहिलेले मागे. आणि शेवट कोणी कोणाला सांगायचा नाही. जिन्यात नाही, बाजारात नाही, मरेपर्यंत नाही.

त्या दिवशीच्या सिनेमात एक दमलेला पोस्टमन भर दुपारी एका अनोळखी घराच्या ओसरीवर खाटेवर आडवा होतो. उस्ताद आपल्याला खाटेखालचा साप आधीच दाखवून ठेवतो आणि पुढे कितीतरी वेळ दाखवतच नाही. नुसता त्या पोस्टमनचा खाली लोंबणारा हात. बोटं जमिनीला टेकतात, उचलली जातात. आत कोणीतरी जातं फिरवतंय. संगीत नाही, किंकाळी नाही, नुसती जात्याची घरघर. मध्येच ती घरघर थांबते, आणि आपला श्वास थांबतो. एवढ्या साध्या गोष्टींवर माणसाला असं ताटकळत ठेवता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी बघतच राहिले.

सिनेमा संपल्यावर मनोहरभाऊ माझ्याजवळ आले.

"बाई, तुमी भ्याल्या का डावा हात गळ्याशी नेता. तुमच्या गळ्यात तं मंगळसूत्रबी नाई. मंग काय चाचपून राह्यल्या होत्या?"

सगळे हसले. माझी पेटी चारचौघांत उघडून कोणी लुगडी उलटीपालटी केल्यासारखं मला झालं. घरी येऊन मी ठरवलं, पुन्हा जायचं नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी मीच जाऊन बसले होते. व्यसन म्हणतात ते हेच.

आणि त्यांनी मला पाहायला शिकवलं, हे नाकारलं तर मी खोटारडी ठरेन. उस्ताद दुधाचं पातेलं उतू जाईपर्यंत का दाखवतो, खुनी माणूस नेहमी लहान मुलांशी इतकं गोड का बोलतो, टांग्याच्या घोड्याचे घुंगरू कुठे वाजायचे बंद होतात, हे सगळं त्यांनी आमच्या डोळ्यांत बोट घालून दाखवलं. चहा पिता पिता ते सांगायचे, "घाबरवणं काई कठीण नाई. मागून भो केलं का म्हैसबी घाबरते. उस्तादाचं तसं नाई. तो पाह्यणाऱ्याले सांगून टाकते, भोगणाऱ्याले सांगत नाई. मंग पाह्यणाराच भोगते." हे वाक्य त्यांचं इतकं ठरलेलं होतं की बोहारणीशी घासाघीस करतानाही ते कुठूनतरी त्यात घुसवायचे.

कुसुमवहिनींनी मात्र उस्तादाच्या एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. सिनेमा संपताक्षणी सगळ्यांच्या हातात कप पाहिजे, हा मनोहरभाऊंचा हुकूम. त्यामुळे खुनी सापडायची वेळ आली की वहिनी पदर सावरून उठायच्या आणि चहा ठेवायला आत जायच्या. मी एकदा म्हटलं, वहिनी, आज मी ठेवते चहा, तुम्ही बसा. तर म्हणाल्या, "नको बाई. आता सवय झाली. मले शेवट नाई पाहिला तरी चालते." बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नसे. चेहरा वाचणाऱ्या माणसाशी संसार केलेल्या बाईचा चेहरा तो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पात्रात पळसाचं झाड रोवलेलं, आणि दोन्ही काठांवरून एकमेकांवर दिवसभर दगड. बाहेरगावच्या लोकांना याचं नवल वाटतं, आम्हाला नाही. त्या दिवशी सगळं गाव नदीकडे तोंड करून उभं राहायचं आणि मनोहरभाऊ नदीकडे पाठ करून. एका वर्षी ते दुकानात बसून भेटेल त्याला सांगत होते, "पोराले दगड लागाच्या आधी त्याच्या मायनं पाह्यला. पयले मायचं तोंड उघडलं, आवाज निघालाच नाई, आन् मंग दगड लागला. उस्तादालेबी असा शॉट नसता भेटला." त्या पोराचा डोळा गेला होता. हे त्यांना माहीत होतं. ते मायच्या तोंडाबद्दलच बोलत राहिले.

मंडळात सौसरहून बसनं येणारे चौघेपाच होते, त्यांत औषध दुकानवाले ठोंबरे. भला माणूस, पण तोंडात तीळ भिजत नसे. त्यांनी एकदा जिन्यात मोहगावच्या दोघा नवख्यांना शेवट सांगून टाकला. मनोहरभाऊ ओरडले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी ठोंबऱ्यांची खुर्ची उचलली, भिंतीला भिडवून ठेवली आणि म्हणाले, "बसा. भितीकडे तोंड. आयकाले मनाई नाई." दोन पोरींचा बाप, गावात चार लोक नमस्कार करणारा माणूस, आख्खा सिनेमा भिंतीकडे तोंड करून बसला. आमच्या अंगावर काटा यायचा तेव्हा त्यांची मान किंचित वळायची, पुन्हा सरळ व्हायची. इंटरव्हलला कोणी त्यांच्याशी बोललं नाही. आणि गंमत म्हणजे ठोंबरे त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा हजर. मंडळातून काढून टाकलं असतं तर ते रडले असते. माणूस कुठे कुठे आपलं नाक कापून द्यायला तयार असतो, याचा मला तेव्हा चांगलाच अंदाज आला.

आता वानखेडेबद्दल.

वानखेडे सरकारी कचेरीत बाबू होता. मूळ तिगावचा. घरात बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मुलीनं शाळेत मिळवलेली बक्षिसं ओळीनं मांडलेली. ही मुलगी शोभा, माझ्याच वर्गात, नववीला जाणार. निबंध असा लिहायची की मी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवत असे. "माझी शोभा मॅट्रिक झाली म्हणजे आमच्या खानदानातली पयली," असं वानखेडे मला रस्त्यात थांबवून सांगायचा, दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं. मंडळात त्याचा चहाचा कप वेगळा नसे, एवढं मनोहरभाऊंचं मोठेपण. फक्त ते स्वतःच हे मोठेपण वरचेवर बोलून दाखवत.

प्रेक्षक म्हणून वानखेडे अव्वल. भीती वाटली की पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घालायचा, पोस्टमनला ओरडून सांगायचा, "ऊठ ना बे!" त्याचा चेहरा म्हणजे मनोहरभाऊंचा जीव की प्राण. "हा माणूस नसता तं मी स्टूल कायले घेतलं असतं," असं ते म्हणायचे. आणि त्या चेहऱ्याचीच त्यांना चटक लागली. रविवारची दुपार पुरेना.

बदली ही सरकारी नोकरीत कागदावर यायच्या कितीतरी आधी हवेत येते. मनोहरभाऊंनी ती खोटीच हवेत सोडली. वानखेडेच्या कचेरीतले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, मंडळातलेच होते; त्यांना हाताशी धरलं. चैत्र संपता संपता बडेबाबू वानखेडेच्या कानाशी लागले, "तुही बदली झाबुआले होऊन राह्यली म्हणते. भोपालहून निघालीच समज." एवढंच. मंडळात सगळ्यांना सांगून ठेवलं, पोळा झाला की पडदा उघडू, तोपर्यंत कोणी बोलायचं नाही. शेवट सांगायला मनाई होतीच. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी वर्ध्याला गेले होते. मला यातलं काही माहीत नव्हतं.

झाबुआ मध्य प्रदेशाच्या पार पश्चिम टोकाला; तिथं जाणं म्हणजे काय, हे सीमेवर राहणाऱ्यालाच कळतं. आमच्या पांढुर्ण्या-सौसरला मध्य प्रदेशात राहून मराठी शाळा आहेत. पुढे गेलं की संपलं. नववी-दहावीची मुलगी तिकडे नेली तर ती एकदम हिंदीत काय शिकणार, आणि मॅट्रिक कशी होणार? वानखेडेनं फार विचार केला असेल. शेवटी त्यानं शोभाला शाळेतून काढलं आणि महाराष्ट्रात, काटोलला बहिणीकडे ठेवलं, तिथं मराठीत शिकेल म्हणून. बहिणीच्या घरी आधीच तीन पोरी. तिच्या नवऱ्यानं महिन्याभरात एक स्थळ आणलं. वानखेडे नाही म्हणाला असता. पण बदलीची तलवार डोक्यावर, पुढे दूर देशी कुठे स्थळ शोधत फिरणार, म्हणून तो हो म्हणाला. जुलैत शाळा उघडली तेव्हा शोभाच्या जागेवर दुसरी मुलगी बसली होती आणि शोभा काटोलकडच्या कुठल्याशा गावी सासरी भाकऱ्या थापत होती.

मला हे सगळं कुसुमवहिनींनी सांगितलं. पाणी भरताना, खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता. मी तशीच ओल्या पायांनी दुकानात गेले. मनोहरभाऊ एका गिऱ्हाइकाला पितळी घागर वाजवून दाखवत होते.

"भाऊ, पोरीचं लग्न झालं. तुम्हाला माहीत होतं?"

"मग? जेवाले गेलतो ना मी काटोलले."

"आणि तिथंही बोलला नाहीत?"

त्यांनी घागर खाली ठेवली. "बाई, लग्न मी लावलं का? मी म्हटलं का पोरीले काढ शाळेतून? उस्ताद साप ठेवते, पाय त्याच्या अंगावर ज्याचा त्यानं ठेवाचा असते." आणि मग जरा पुढे झुकून, अगदी प्रेमानं म्हणाले, "पोळ्यापर्यंत थांबा फक्त. त्याचा चेहरा तुमी पाह्यलाच नाई अजून. आतालोक असा चेहरा कोनाचाच झाला नाई."

मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मराठीच्या बाईला एवढे शब्द येतात हे त्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसावं. तो घागर न घेताच निघून गेला. मनोहरभाऊ मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. माझा राग त्यांना आवडत होता. ते लक्षात आलं आणि मी पाठ फिरवली.

तिथून मी सरळ वानखेडेच्या घरी गेले. घरातलं सामान पोत्यांत बांधून ठेवलेलं. रोजच्या वापरापुरती दोन भांडी बाहेर. चैत्रापासून ते लोक असे बांधलेल्या सामानात राहत होते. मी सांगितलं. तो उभा होता तो पोत्यावर बसला.

"म्हणजे सगळ्यायले मालूम व्हतं?"

"हो."

"रविवारी मी तिथं जाऊन बसत व्हतो, तवाबी?"

"हो, वानखेडे."

"म्हणजे भाऊ सिनेमा लावून मलेच पाह्यत व्हते." तो हे विचारत नव्हता. मग तो उठला आणि एका पोत्याची सुतळी दातांनी सोडवायला लागला. आत त्याची बायको रडत होती. मला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

मला वाटलं, हा आता मंडळात पाऊल टाकणार नाही. रविवारी तो आला. पहिल्या रांगेत बसला. मनोहरभाऊंनी मखमलीचा पडदा सारता सारता सगळ्यांदेखत म्हटलं, "वानखेडे, तुही बदली क्यान्सल झाली बरं का!" माडी हसली. वानखेडेही हसला. त्या दिवसापासून त्यानं पाय वर घेतले नाहीत, ओरडला नाही. साप निघो की सुरा निघो, चेहरा म्हणजे सारवलेली भिंत. मनोहरभाऊंना याचं मनापासून वाईट वाटलं. "वानखेडे वाया गेला," ते हळहळून म्हणायचे. त्या सगळ्या प्रकरणात त्यांच्या लेखी नुकसान झालं ते एवढंच.

मी मंडळात जाणं सोडलं. दोनेक वर्षांनी मनोहरभाऊंचं जेवण तुटलं. पोटात दुखायचं, उलट्या व्हायच्या. मुलानं नागपूरला नेऊन दाखवलं. कॅन्सर निघाला, तोही हाताबाहेर गेलेला. आमच्याकडे असं काही निघालं की ते सगळ्या गावाला सांगतात, फक्त ज्याला झालंय त्याला सांगत नाहीत. त्यानं धीर सोडू नये म्हणून. मनोहरभाऊंना सांगितलं, अल्सर आहे, पथ्य पाळा.

वर हवा बरी म्हणून त्यांची खाट माडीवर टाकली होती, जिथं आमच्या खुर्च्यांच्या रांगा असायच्या तिथंच. टीव्हीवर चादर. भेटायला येणाऱ्याला कुसुमवहिनी जिन्याच्या पायथ्याशी अडवायच्या आणि हात पुढे करायच्या, "अल्सर म्हणा. दुसरं काई बोलू नका. माझी शपथ हाय." लोक शपथ घेऊन वर चढायचे. ठोंबरेसुद्धा आले, आणि या वेळी त्यांनी तोंड उघडलं नाही.

शेजारधर्म सुटत नाही. मीही गेले. माणूस अर्धा झाला होता, पण डोळे तेच. त्यांनी मला समोर बसवलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"बाई, एक सांगा. हे लोकं येऊन राह्यले ना, सगळे चांगलं बोलते. पण एकबी माझ्या तोंडाकडं पाह्यत नाई. सगळे खाली पाह्यते." ते थांबले. धाप लागली होती. "पोस्टमन झोपला होता तवा तुमीबी सारे असेच खाली पाह्यत होता. मले ते डोळे ठाऊक हाय. काय हाय माझ्या खाटेखाली?"

"काही नाही, भाऊ. चपला आहेत."

मी हसूनच म्हटलं. आवाजही नीट लागला होता. पण त्यांची नजर माझ्या तोंडावर नव्हती, जरा खाली होती. माझा डावा हात गळ्याशी गेला होता.

"हात खाली घ्या," ते म्हणाले. आणि डोळे मिटून घेतले.

त्यांचा राग माझ्या मनातून गेला नव्हता, आजही गेलेला नाही. पण माणसाला त्याचं मरण असं परक्या बाईच्या हातावरून कळू नये.

वानखेडे त्याच सुमारास यायला लागला होता. कचेरी सुटली की रोज. वहिनींनी त्याच्यापुढेही शपथेसाठी हात केला तेव्हा मी जिन्यातच होते. तो अगदी अदबीनं म्हणाला, "मी कायले सांगू वहिनी? शेवट सांगाची मनाई हाय ना आपल्याकडं." वर जाऊन त्यानं कोपऱ्यातलं ते लाकडी स्टूल घेतलं, खाटेच्या पायथ्याशी ठेवलं आणि मनोहरभाऊंच्या तोंडाकडे बघत बसला. इतर सगळे खाली बघायचे; हा एकटा सरळ तोंडाकडे. बोलायचा नाही. दिवेलागणीला उठून जायचा.

मी शेवटची गेले त्या दिवशी खाट फिरवलेली होती. भिंतीला भिडवून. मनोहरभाऊ भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडले होते, आमच्याकडे पाठ. "त्यायनंच सांगतलं," वहिनी हळूच म्हणाल्या. "म्हणते, कोनाचं तोंड पाहाचं नाई मले. आन् कोनाले दाखवाचंबी नाई."

वानखेडे स्टुलावर होता. त्याच्यासमोर आता नुसती पाठ, बनियनमधून वर आलेली हाडं. तो थोडा वेळ त्या पाठीकडे बघत राहिला. मग स्टूल उचलून उठला.

"वहिनी, भितीपाशी भाऊले हवा लागत नसन. खाट जराशी इकडं वढू का?"

पाठ ताठ झाली. मला ती दिसली, वहिनींनाही दिसली असणार. वहिनींनी वानखेडेकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या स्टुलाकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"वढा," त्या म्हणाल्या.

वानखेडेनं खाट ओढली. भिंत आणि खाट यांच्यामध्ये एक माणूस बसेल एवढी जागा झाली. त्यानं स्टूल नेऊन तिथं ठेवलं, आणि वहिनी पदर सावरून चहा ठेवायला आत गेल्या.